दहावीचा भूगोल : शेवटच्या आठवड्यात नेमकं काय करायचं? (अनुभव धागा)

काल संध्याकाळी शेजारच्या घरातून "चिली आणि इक्वेडोर, चिली आणि इक्वेडोर" असा जप ऐकू आला आणि भारत आणि ब्राझील या दोन देशांवरचा, दोन तासांचा तो पेपर डोक्यात पुन्हा जागा झाला. आलेख कागद, टोकदार पेन्सिली, 'कोणतेही चार'! इतिहासासाठी पोरं रात्री जागवतात आणि भूगोल 'वाचला की होतो' म्हणून शेवटावर ढकलतात. ४० गुण त्यालाही आहेत की.

जे शिकवतात, तपासतात, घरी अभ्यास घेतात त्यांनी लिहा. 'मन लावून अभ्यास करा' छापाचं नको. सुरुवात मी करते: नकाशा भरणे ४, नकाशा वाचणे ४, आलेख ६. म्हणजे १४ गुण निव्वळ हाताच्या आणि डोळ्यांच्या कामाचे. रोज वीस मिनिटं नकाशाचा कोरा आराखडा घेऊन बसलं तरी ते सुटतात. भौगोलिक कारणे ६, सविस्तर ८, बाकीचे १२ एकेका गुणाचे.

खडूफळा, मुलुंड
नकाशात सूची, म्हणजे कुठलं चिन्ह कशासाठी ते सांगणारी चौकट! घटक जागेवर बरोबर, पण सूचीत चिन्हच नाही, असे आराखडे गठ्ठ्याने येतात. आधी सूचीत चिन्ह काढा, मग तेच नकाशात भरा. उलट केलं की सूची विसरते.
नेहमी चुकणाऱ्या जागा:
अरवली उभी काढतात. ती गुजरातकडून दिल्लीकडे, नैर्ऋत्य-ईशान्य अशी तिरकी जाते.
चिल्का ओडिशाच्या किनाऱ्यावर आहे, तमिळनाडूपर्यंत खाली ओढू नका.
पँटानल ही दलदल ब्राझीलच्या पश्चिमेला, बोलिव्हिया-पॅराग्वेच्या सीमेकडे.
आणि मनौस. प्रश्नात 'मनौस बंदर' वाचलं की निम्मा वर्ग किनाऱ्यावर ठिपका देऊन मोकळा. मनौस समुद्रावर नाहीच, ॲमेझॉनच्या खोऱ्यात पार आत आहे, नदीवरचं बंदर. ब्राझीलच्या उत्तर भागातून विषुववृत्ताची पुसट रेघ मारून घ्या. माराजो बेट आणि मनौस दोन्ही त्या रेघेच्या जरासे खाली येतात. माराजो ॲमेझॉनच्या मुखाशी, मनौस पश्चिमेला. मकरवृत्ताची रेघ साओ पावलोजवळून. दोन रेघांत अर्धा ब्राझील जागेवर बसतो.

चाळकरी
+१ मनौस 😂
चिली-इक्वेडोरचा जप बरोबर आहे हो. ब्राझीलला दक्षिण अमेरिकेतले हे दोनच देश भिडत नाहीत. एक गुण घरबसल्या.

दुपारची_शिफ्ट
लोकलमध्ये आहे, थोडक्यात. वेळेचं गणित पाठ करू नका, काढा. एका अंशाला ४ मिनिटं. भारताचं प्रमाण रेखावृत्त (ज्यावरून देशाची वेळ ठरते) ८२°३०' पूर्व, ब्राझीलियाची वेळ ४५° पश्चिमेवर. एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून बेरीज: १२७.५ अंश. गुणिले ४ = ५१० मिनिटं = ८ तास ३० मिनिटं. आपण पूर्वेला, म्हणून आपण पुढे. तिकडे दुपारी ४ ला सामना सुरू झाला तर इथे रात्रीचे १२.३०, आणि तारीख दुसरी. तारीख बदलायला विसरतात.
सरावाला मुंबईच घ्या. रेखांश साधारण ७२°५०' पूर्व, प्रमाण रेखावृत्ताशी फरक ९°४०', म्हणजे मुंबईची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे ३९ मिनिटं मागे. जुना 'बॉम्बे टाइम' तो हाच. ठाणं आलं, उतरते.

खडूफळा, मुलुंड
ब्राझीलमध्ये एकूण चार प्रमाणवेळा आहेत. प्रश्नात शहराचं नाव असेल तर कुठल्या वेळेत येतं ते बघा, सरसकट ८.३० लावू नका.

पाटीपेन्सिल
माझ्या भाच्याला आलेख जमतो पण वेळ जातो. किती मिनिटं द्यावीत?

आलेखकागद
काढून, प्रश्नांची उत्तरं धरून १५ मिनिटं पुष्कळ झाली. वेळ जातो तो प्रमाण ठरवण्यात. आधी सर्वात मोठा आकडा बघायचा. भारताचं नागरीकरण: १९८१ ला २३.३, १९९१ ला २५.७, २००१ ला २७.८, २०११ ला ३१.२ टक्के. एकट्या भारताचा साधा स्तंभालेख असेल तर १ सेंमी = ५ टक्के. ३१.२ म्हणजे ६ सेंमी आणि वर जेमतेम अडीच घरं, कारण एक मिलिमीटरचं घर अर्ध्या टक्क्याचं. पण जोडस्तंभालेखात ब्राझील आला की आकडा ८४ च्या आसपास जातो आणि तेच प्रमाण धरलं तर स्तंभ १७ सेंमीचा होतो. तिथे १ सेंमी = १० टक्के घ्या. ३१.२ ला ३ सेंमी १ मिमी, ८४ ला ८ सेंमी ४ मिमी.
जोडीतले दोन स्तंभ एकमेकांना चिकटून, दोन जोड्यांत एक सेंमी मोकळी जागा. रुंदी सगळ्यांची सारखी. 'य' अक्षावर शून्यापासून सुरुवात. प्रमाण उजव्या कोपऱ्यात लिहा, शीर्षक द्या, दोन देशांच्या छटांची सूची द्या. शीर्षक राहिलेला सुंदर आलेख बघून तपासणाऱ्याचाच जीव हळहळतो.
आणखी एक: प्रश्नात 'रेषालेख' म्हटलं असेल तर स्तंभ काढू नका. हसू नका, काढतात.

चाळकरी
पेन्सिल कुठली? एचबी की टूबी?

आलेखकागद
एचबी. टूबी हाताला लागून फासते, पान मळतं. रंगीत पेन्सिली चालतात, स्केच पेन मागच्या पानावर उतरतं.

गिरगावकर_काकू
नकाशाची स्टेन्सिल हवी असेल तर अब्दुल रहमान स्ट्रीटला स्टेशनरी घाऊक भावात मिळते. क्रॉफर्ड मार्केटला जाणारच असाल तर मसाल्यांसोबत उरकून घ्या. यंदा मिरचीचा भाव काय म्हणतोय कुणी सांगेल का?

खडूफळा, मुलुंड
काकू 🙏 मिरचीला वेगळा धागा काढा. बाकी स्टेन्सिल घरच्या सरावाला छान, परीक्षेत नकाशाचा आराखडा मिळतोच. तो उत्तरपत्रिकेला जोडायचा मात्र विसरू नका आणि त्यावर बैठक क्रमांक घाला.

सह्याद्रीपलीकडे
भौगोलिक कारणांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. एका कारणाला ३ गुण म्हणजे तीन-चार मुद्दे, आणि प्रत्येक मुद्दा आधीच्यातून निघायला हवा. 'ब्राझीलच्या ईशान्येला पाऊस कमी का?' याला 'पर्जन्यछायेचा प्रदेश आहे म्हणून' एवढं लिहून सोडलं की एक गुण. असं लिहा: समुद्रावरून येणाऱ्या बाष्पयुक्त वाऱ्यांना उच्चभूमी आणि अजस्र कडा (तिची किनाऱ्याकडची उभी भिंत) अडवतात, हवा वर चढते, थंड होते, किनारी भागात पाऊस पडतो, पलीकडे उतरताना वारे कोरडे झालेले असतात, म्हणून अंतर्भागात अवर्षण चतुष्कोन, म्हणजे कमी पावसाचा चौकोनी पट्टा. हे मुंबईच्या पोराला समजायला अवघड नाही. सह्याद्रीच्या अलीकडे जुलैत रूळ पाण्याखाली आणि पलीकडे माण-खटावला टँकर. वारे वेगळे, यंत्रणा तीच.
दुसरं: 'भारताच्या पूर्व किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे कमी'. गोदावरी, कृष्णा, महानदी गाळ आणतात, त्रिभुज प्रदेश तयार होतात, किनारा उथळ राहतो, मोठी जहाजं आत येऊ शकत नाहीत. इथे पश्चिम किनाऱ्याचं एक वाक्य तुलनेला घाला, उत्तर भरीव दिसतं.

पाटीपेन्सिल
हे कापून भाच्याला पाठवलं. लोकसंख्येचे आकडे किती पाठ करायचे?

सह्याद्रीपलीकडे
घनता (दर चौ. किमीला माणसं): भारत ३८२ (२०११), ब्राझील २२-२३ (२०१०). जनगणनेची वर्षं वेगळी आहेत, तीही लिहा. बाकी दशांश चिन्हापर्यंत घोकत बसू नका. ब्राझीलची वस्ती आग्नेय किनाऱ्यालगत दाट आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात विरळ का, हे लिहिता आलं पाहिजे. हवामान, दुर्गमता, घनदाट वर्षावने, तोकडी वाहतूक.

दुपारची_शिफ्ट
परत आले. राजधानी ब्राझीलिया १९६० पासून, त्याआधी रिओ द जानेरो. साओ पावलो कधीच... म्हणजे आत्ताच्या देशाची राजधानी ती नाही, मोठं शहर आहे म्हणून लिहून येतात.
आणि जुलैत तिकडे हिवाळा. दक्षिण गोलार्ध.

चाळकरी
हॉलतिकिटावर केंद्र पूर्वेला की पश्चिमेला तेही बघून ठेवा. भूगोलाच्याच पेपरला स्टेशनच्या उलट्या बाजूला उतरलात तर काय बोलायचं!

गिरगावकर_काकू
पेपर बहुतेक वेळा शेवटचाच असतो, त्यामुळे मुलं हवेत असतात. दोन पेन्सिली घरूनच टोक काढून द्या, वर्गात शार्पनर मागत बसायला नको. मिरचीचा धागा काढलाय.