कूर्जेट आणि घेवडा थांबायचं नाव घेत नाहीत, काय करू?

परसातली (रेडिंग, इंग्लंड)
नमस्कार मंडळी. चार वर्षं यादीत नाव लावून थांबल्यावर यंदा फेब्रुवारीत आम्हाला अलॉटमेंट (भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळाली. अर्धा प्लॉट, पाच रॉड, म्हणजे साधारण सव्वाशे चौरस मीटर. मी वाईची, परसातल्या मांडवाखाली वाढलेली. हाताला माती लागल्यावर मला भान राहिलं नाही. कूर्जेटची (भारतात झुकिनी म्हणतात ती, भोपळ्याच्या कुळातली) चार रोपं लावली, रनर बीन्सच्या (वेलावरचा इथला घेवडा) दोन ओळी बांबूंवर चढवल्या, टोमॅटो वेगळेच.

मागच्या आठवड्यात पाच दिवस गावाला गेलो. परत येऊन पानं बाजूला केली, तर बोटभर सोडून गेलेलं कूर्जेट कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत झालेलं! वजन सव्वादोन किलो. सालीत नख रुतेना. अशी सात. घेवडा दर दोन दिवसांनी बादलीभर निघतो.

शेजारी वाटलं, ऑफिसात ठेवलं. पीठ पेरून भाजी, थालीपीठ, कोशिंबीर सगळं झालं. विकायचं म्हटलं तर धंदा करायला करारात मनाई आहे, आणि ते मला पटतंही. पण कंपोस्टवर टाकायला हात धजत नाही. आई दुधीची सालंसुद्धा तीळ घालून चटणीला घ्यायची. मला आपल्या चवीचं आणि थोडं हिवाळ्याला पुरेल असं काही सांगा. सांडगे घालावेत तर इथे तसं ऊन कुठे?

लेस्टरची काकू
अगं, ऊन नसलं तरी ओव्हन आहे ना! मी दरवर्षी घालते. मोठ्या कूर्जेटचं साल आणि बियांचा गर काढ, कीस, मीठ लावून अर्धा तास ठेव आणि पंचात बांधून घट्ट पीळ. निघालेलं पाणी थालिपिठाला घे. पिळलेल्या किलोभर किसाला पाव किलो उडदाची डाळ, भिजवून जाडसर वाटलेली. वाटताना पाणी अजिबात नको. हिंग, जिरं, तिखट घाल. मीठ चाखून मगच, किसात आधीचं असतं. सुपारीएवढे सांडगे कागदावर घाल, ओव्हन 60-70 अंशांवर, दाराला लाकडी चमचा अडकवून फट ठेव म्हणजे वाफ बाहेर जाते. सात-आठ तास तरी लागतात. एक फोडून बघ, आत ओल राहिली तर बुरशी धरते. डब्यात खडखड वाजले की झाले.

आणि किसण्याआधी प्रत्येक फळाचा तुकडा जिभेला लावायचा. कडूजहर लागलं तर ते फळ सरळ टाक. तो कडवटपणा शिजवून जात नाही आणि पोटाला बाधतो. तिथे हळहळ नको.

बांबूवाला (ब्रिस्टल)
ताई, घेवड्याचं मी सांगतो. कोवळ्या शेंगांच्या दोन्ही कडांचे दोर काढा, तिरक्या चिरा, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरड्या करून फ्रीझरमध्ये. डिसेंबरात ओलं खोबरं घालून भाजी करा. नुसत्या पाण्यात बाटलीबंद मात्र करू नका, आंबट नसलेल्या भाजीला ते धोक्याचं आहे.

राठ झालेल्या शेंगा तोडूच नका. एका ओळीला शेंगा वेलावरच वाळू द्या. वेल मग नवी फुलं कमी धरतो, म्हणजे बादलीही हलकी होईल. ऑक्टोबरात सोललं की आत जांभळट-गुलाबी, काळे शिंतोडे असलेले दाणे निघतात. तुम्ही साताऱ्याकडच्या, कोरेगावचा वाघ्या घेवडा आठवेल. जात वेगळी, पण उसळ तितकीच दाट होते. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ शिजवा. कच्चट दाणे खायचे नाहीत.

तवसं (रत्नागिरी)
आमच्याकडे भाद्रपदात तवशी (मोठ्या काकड्या) अशीच हाताबाहेर जातात. त्यांचं धोंडस, म्हणजे गूळ घालून भाजलेला केकसारखा गोड पदार्थ, करतात, आणि तुमच्या त्या सव्वादोन किलोच्या फळाला मला तेच सुचतंय. दोन वाट्या कीस, पाणी न पिळता. त्या पाण्यातच रवा शिजतो, हे महत्त्वाचं. एक वाटी तांदळाचा जाडसर रवा तुपावर खमंग भाजा. कीस, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूटभर मीठ उकळा, त्यात रवा घालून दणदणीत वाफ काढा. शेवटी वेलची. मग तूप लावलेल्या भांड्यात थापून भाजायचं. आजी खाली-वर निखारे ठेवायची, तुम्ही ओव्हन 180 अंशांवर पाऊण तास ठेवा. कडा भांड्यापासून सुटल्या आणि वरून तांबूस झालं की काढा. गरम असताना कापू नका, मोडतं.

परसातली
काकू, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. काल धोंडस केलं. कीस उकळताना वास कच्च्या दुधीसारखा होता, मला धाकधूक वाटली. पण गूळ विरघळला, भाजलेला रवा पडला आणि स्वयंपाकघर एकदम वाईचं झालं. कड तर मुलांनी खरवडून खाल्ली. पलीकडच्या प्लॉटवरच्या आजोबांना दोन वड्या दिल्या. आज सकाळी माझ्या फाटकाला त्यांनी बीटची जुडी अडकवून ठेवलीय, पाल्यासकट.

दोन फळं किसून पिळायला टांगली आहेत. डाळ भिजलीय. घेवड्याच्या मागच्या ओळीला लाल दोरा बांधलाय, ती तोडायची नाही असं घरात सांगून ठेवलंय.