अनुभव धागा : नोकरी गेली, कोल्हापूरला आलो

म्हाई नाही, जत्रा नाही, घरात लग्न नाही आणि माणूस भर बुधवारी गल्लीत दिसला, तर कोल्हापुरात दोन प्रश्न ठरलेले: "कधी आलासा?" आणि "कधी जाणार?" पहिल्याचं उत्तर सोपं. दुसऱ्यासाठी २०२० पासून "घरनंच काम चालू हाय" हे तयार उत्तर मिळालं आणि आयटीतल्या कित्येकांनी त्याच्याआड बरंच काही झाकून ठेवलं. आमच्याच गल्लीत असे दोघं होते, तिसरी मी.

बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार माणसं कमी केली, जानेवारी २०२३ मध्ये गुगलने १२ हजार, मायक्रोसॉफ्टने १० हजार जाहीर केली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास लोक कमी करणार असं सांगितलं, तेव्हा आमच्या मंगळवार पेठेतल्या किराणा दुकानातही त्याची चर्चा झाली. त्यावरची मतं इथं नकोत. तुमच्यापुरतं सांगा: कॉल आल्यापासून घरात कळेपर्यंत काय झालं, पैशाचं कसं निभावलं, कुठला कागद कामी आला. कंपनीचं नाव लिहू नका. "स्किल वाढवा" छाप उपदेशही नको, त्यासाठी लिंक्डइन आहे.

माझं थोडक्यात. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते, पुण्यात. बाळंतपणाच्या रजेवर असताना बाईला काढता येत नाही, तसा कायदाच आहे. त्यामुळे मी रुजू होईपर्यंत सगळे फार गोड वागले. रुजू झाले तर माझ्या जागी दुसरी मुलगी बसलेली आणि मला म्हणे नवीन प्रोजेक्ट शोधा, अंतर्गत पोर्टलवर आहेत. पोर्टलवर होते ते सगळे रात्रपाळीचे. पाच महिन्यांचं बाळ घेऊन रात्रपाळी कोण करणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. राजीनामा मी "स्वखुशीने" दिला, कागदावर तसंच आहे.

आता तुम्ही लिहा.

कसबा बावडा, जावा प्रोग्रॅमिंग, हिंजवडीत अकरा वर्षं

मार्च २०२३. सिलिकॉन व्हॅली बँक १० तारखेला बुडाली, त्या आठवड्यात आमच्या टीमच्या ग्रुपवर तिच्यावरचे जोक फिरत होते. आमचा क्लायंटही अमेरिकेतलीच बँक, वेगळी. तिकडं वर्षभरात व्याजदर शून्याजवळून पाचाच्या घरात गेलेले, बँकांनी नव्या कामांचे पैसे रोखून धरलेले. हे सगळं आम्हाला तोंडपाठ, कारण तेच आमचं डोमेन. तरीही महिनाअखेरीला कॅलेंडरवर पंधरा मिनिटांचं "क्विक कनेक्ट" आलं तेव्हा वाटलं, रेटिंगचं काहीतरी असेल.

एचआरची मुलगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बघून वाचत होती, डोळे डावीकडनं उजवीकडं जायचे ते दिसत होतं. "तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर रेकॉर्ड क्लीन राहील." वर दोन महिन्यांचा बेसिक. ग्रॉस नव्हे. माझ्या पगारात बेसिक चाळीस टक्के, म्हणजे वाकडच्या फ्लॅटचे हप्ते भरून हातात काय राहणार ते कॉल चालू असतानाच मनात मांडून झालं होतं. संध्याकाळी लॅपटॉप लॉक.

वडील उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते, आता रिटायर. बायकोला मी सांगितलं, आईला तिनं सांगितलं, वडिलांना कुणीच नाही. वरच्या खोलीत टेबल लावलं. सकाळी नऊला भावाचा जुना लॅपटॉप उघडून बसायचो आणि नोकरीच्या साइटवर रेझ्युमेतला एखादा शब्द बदलून परत सेव्ह करायचो, कारण ताजा अपडेट असला की यादीत वर येतो म्हणतात. खाली वडील येणाऱ्याजाणाऱ्याला दटावायचे, "हळू बोला, वर मिटिंग चाललीया." दुधवाल्याला सुद्धा.

असं अडीच-तीन महिने चाललं. मग एकदा ते स्वतःच चहा घेऊन वर आले. बसले. म्हणाले, "दोन हजार नऊला मी पण रोज डबा घिऊन निघत हुतो. गाड्यांची कास्टिंगं कोण घेत नव्हतं, कारखाना आठवड्यातनं तीन दिस चालायचा. उरल्याल्या दिशी पंचगंगेच्या घाटावर डबा खाऊन येत हुतो. तुझ्या आईला अजून म्हाईत न्हाई."

आईला माहीत होतं. डब्याच्या बुडाला वाळू लागलेली असायची म्हणे.

ऑक्टोबरमध्ये नोकरी लागली, आधीपेक्षा तीस टक्के कमी पगारावर. फ्लॅट भाड्यानं दिलाय, हप्ता निम्मा त्यातनं सुटतो. आता आठवड्याचे तीन दिवस पुण्यात मित्राच्या खोलीवर, बाकी इथं. "कधी जाणार" ला आता खरं उत्तर आहे, तर कुणी विचारत नाही.

गडहिंग्लज, २०२२ ची बॅच

माझी नोकरी गेली नाही, ती आलीच नाही. चालेल का इथं? कॅम्पसमधनं ऑफर लेटर मिळालं, ३.६ लाखाचं पॅकेज, पेढे वाटून झाले. जॉइनिंगची तारीख "टेंटेटिव्ह". नंतर परत एक परीक्षा, मग परत एक ट्रेनिंग, घरी बसूनच, बिनपगारी. वर्ष सरल्यावर मेल आला की ऑफर रद्द. दरम्यान शिरोली एमआयडीसीत मामाच्या वर्कशॉपमध्ये डिस्पॅचचं रजिस्टर बघत होतो, ते आता एक्सेलमध्ये आणलंय. मामा म्हणतोय, राहा की इथंच. बघूया.

(चालेल की! असे बरेच असणार, लिहा. – धागाकर्ती)

उचगाव, मी टेबलाच्या पलीकडचा

बावडेकर, ती मुलगी मी नव्हे, पण तोच कागद मीही वाचलाय. एचआर ऑपरेशन्समध्ये होतो. यादी वरून येते, त्यात नावं आधी नसतात, फक्त आकडा असतो: अमुक विभागातून इतका खर्च कमी. मग मॅनेजर नावं भरतो. कामात मागं असलेला जातो हा समज सोडा. त्या पातळीवर ज्याचा पगार जास्त, ज्याच्या कामाचं बिल क्लायंटला लावता येत नाही, तो जातो. आणि ज्याचा मॅनेजर स्वतःच नवा आहे तो. दोन याद्या मी हाताळल्या, तिसरीत माझं नाव होतं, आणि तो कॉल घेणारा माझ्याच हाताखाली शिकलेला.

कागदांचं विचारलंय म्हणून लिहितो. राजीनामा "माझ्या वैयक्तिक कारणास्तव" असा कुणाच्या सांगण्यावरून लिहू नका. कंपनीने सांगितल्यावरून देत असाल तर तसं मेलमध्ये लिहा, किंवा निदान त्यांचं म्हणणं मेलवर मागून घ्या. तोंडी बोलण्याला कामगार आयुक्तांकडे कुणी विचारत नाही. छाटणीची भरपाई म्हणून मिळालेल्या रकमेला आयकरात ठराविक मर्यादेपर्यंत सूट मागता येते; तीच रक्कम राजीनाम्याबरोबरची "सदिच्छा" म्हणून दाखवली की भांडत बसावं लागतं. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही: ग्रॅच्युइटीला धरला जाणारा शेवटचा महिन्याचा पगार, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तीस दिवसांत द्यायला पाहिजे. चार वर्षं आणि काही महिने झालेल्यांची नावं याद्यांत का जास्त दिसतात, ते आता तुम्हीच ओळखा.

आणि विमा. पगार थांबतो हे सगळ्यांच्या लक्षात येतं, पण कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता संपतो हे आईला ॲडमिट करताना कळतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, फक्त अर्ज नोकरी सुटण्याआधी टाकायचा. पीएफच्या खात्यावर कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली का बघा. नाही टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते. सरकारची बेरोजगारी भत्त्याची योजना आहे ती ईएसआयसीवाल्यांना (कमी पगारातल्या कामगारांचा सरकारी विमा), पगाराची मर्यादा २१ हजार, म्हणजे आपल्यातले बहुतेक त्यातही नाहीत. कारखान्यातल्या कामगाराला निदान युनियन असते. आपण "एक्झिक्युटिव्ह" म्हणून मिरवलो आणि त्या शब्दाचं बिल आता भरतोय.

राजारामपुरी, धाकट्या भावाची गोष्ट

सुपारी फुटलेली, हॉल बुक, आणि भावाची नोकरी गेली. त्यानं मुलीला त्याच रात्री सांगितलं. तिनं तिच्या घरी सांगितलं नाही. मग तिच्या मामांनी, का कुणास ठाऊक, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागितल्या. पूर्वी सातबारा मागायचे. मुलगी स्वतः बँकेत आहे, तिनं मामांना स्वतःची स्लिप काढून दिली आणि म्हणाली, "घर यावर चालंल, तुमी अक्षता टाकायला या." लग्न झालं. मामा आले, जेवले, आहेर जरा हलका होता.

न्यू जर्सी, आता ताराबाई पार्क

माझं नोकरी जाण्यापेक्षा तारखेचं आहे. एच-वन-बी वर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात नवा मालक हवा, नाहीतर निघायचं. काहीजण व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज टाकून मुदत वाढवतात, आम्ही नाही टाकला. नवऱ्याचा व्हिसाही माझ्यावरच अवलंबून होता.

साठ दिवसांत घराचा करार मोडायला दंड, गाडी विकायची, मुलीच्या शाळेतून दाखले, दातांचं राहिलेलं काम विमा आहे तोवर उरकायचं. मुलाखती वेगळ्याच. ज्या कंपन्या बोलवत होत्या त्या पहिल्याच प्रश्नात विचारायच्या, स्पॉन्सरशिप लागेल का. एक गोष्ट मात्र फार कुणाला ठाऊक नसते: मुदतीआधी काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीनं द्यायचा असतो. मी मेल टाकून मागितला, मिळाला. फक्त माझ्या एकटीचा.

इथं आल्यावर आईनं कुणालाही काहीही सांगितलं नाही, नुसतं "नातीला इथल्याच शाळेत घालायचं म्हणत्यात" असं पसरवलं. सगळ्यांना पटलं. आम्हालाही हळूहळू पटलं. मुलीला "टीचर" ऐवजी "बाई" म्हणायला आठवडा लागला, शिव्या दोन दिवसांत आल्या.

शाहूपुरी, छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो

वरचे सगळे वाचले. माझ्याकडं २०२३ नंतर पुण्या-बेंगळुरूतनं परतलेली पोरं बरीच आली. खरं सांगतो, पुण्यात दीड लाख घेणाऱ्याला मी साठ देऊ शकतो, तेसुद्धा ओढून ताणून. आमचे गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, साखर कारखाने, दूध संस्था, चार फौंड्र्या. डॉलर कुठनं आणू?

एक गंमत. मायक्रोसर्व्हिसेस (मोठं सॉफ्टवेअर छोट्या छोट्या तुकड्यांत बांधायची पद्धत) कोळून प्यालेला एक गडी घेतला. त्याला एका दूध संस्थेचं काम दिलं. दुधातलं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) यावरनं दर काढायचा, दर पंधरवड्याला बिलं, त्यातनं पशुखाद्याची उधारी वजा. म्हणाला दोन दिवसांचं काम आहे. पहाटे साडेपाचला संस्थेत उभं राहून बघितल्यावर कळलं की रांगेत चाळीस माणसं किटल्या घेऊन उभी, नेट गेलेलं, आणि सचिव म्हणतोय "आकडा मशीनवर दिसला पायजे, न्हाईतर दूध वतत न्हाईत". आता तो ऑफलाइन चालणारं फार चांगलं लिहितो. गेला नाही अजून. जाईल, पुण्याचा बाजार परत वर आला की जाईल, आणि मी थांबवणार नाही.

शेंडा पार्कात आयटी पार्क होणार हे ऐकत माझे केस पिकले. होऊ दे, चांगलंच आहे. पण मंदीत पडणारी पहिली वीट परदेशी कामाचीच असते. आमच्या पतसंस्थेची पिग्मी कोव्हिडचे काही महिने सोडले तर कधी थांबलेली नाही.

फुलेवाडी, आत्ताचं

वाचत होतो, लिहायचं नव्हतं. बेंचवर आहे, म्हणजे पगार चालू पण हातात प्रोजेक्ट नाही. किती दिवस बसता येईल याची मुदत ठरवलेली आहे आणि ती संपत आली. एआय आल्यामुळं सपोर्टची निम्मी तिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारी, आपोआप सुटतात, टीम अर्धी केली. उद्या अकराला कॉल आहे, विषय "करिअर डिस्कशन". बायकोला माहीत आहे. नोकरीला चार वर्षं दहा महिने झालेत. काय बोलू?

(उचगाव: उद्या काहीही सही करू नकोस. "मला मेलवर द्या, वाचून सांगतो" एवढंच म्हण, कितीही घाई केली तरी. नोटीस पिरियड पूर्ण काम करून संपवायचा आग्रह धर, नव्वद दिवसांचा असेल तर पाच वर्षांची रेघ ओलांडशील. ते नोटीसचे पैसे देऊन लगेच मोकळं करायला बघतील, त्याला लेखी हरकत घे. कॉलआधी सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, अप्रेझलची पत्रं स्वतःच्या मेलवर घेऊन ठेव. क्लायंटचं काही घेऊ नकोस, तेवढंच त्यांना निमित्त होईल.)

(फुलेवाडी: नोटीस नव्वदचीच आहे. स्लिपा आत्ता काढतो.)

(बावडा: कॉल झाला की लिही. आणि घरात वडील असतील तर त्यांना सांगून टाक, त्यांना कळलेलं असतं.)