आधी फ्रेम रेट बघा
सीसीटीव्हीत दिसणाऱ्या चालीवरून गुन्हेगार ओळखता येतो, चाल बोटांच्या ठशाइतकी पक्की असते, असं म्हणतात; ते पटत नाही. २००० साली लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात पायांच्या तज्ज्ञाची चालीबद्दल अशी साक्ष झाली खरी, पण पाऊल बाहेर वळवून टाकणारी माणसं शेकडा किती, याची भरवशाची आकडेवारीच नाही.

शिवाय फ्रेम रेटचा, म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) घेतो याचा, मुद्दा राहिलाच. एक टाच टेकल्यापासून तीच पुन्हा टेकेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. सीसीटीव्ही सेकंदाला ४ फ्रेम घेत असेल तर हाती चारच चित्रं. टाच टेकण्याचा नेमका क्षण बहुतेक वेळा हुकतोच. मग संशयिताचं चित्रीकरण कितीही स्वच्छ असो, ताडून बघणार कशाशी? संशयिताचं ते चित्रीकरणही शक्यतो त्याच कॅमेऱ्यातून, त्याच कोनातून आणि तसलीच पादत्राणं घालून हवं. सैल चपलेत माणूस बोटं आवळून पाय ओढतो, बुटात नाही.