पेलोडचा हिशेब आधी करा

मुलांसह पाच जणांनी एसयूव्हीमागे राहण्याचा ट्रेलर (चाकांवरचं छोटं घर) जोडून फिरायला जावं का, असा प्रश्न आहे. ट्रेलरचं रिकामं वजन १८०० किलो आणि एसयूव्ही २२५० किलो ओढते म्हणजे जमेल, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. पाणी, गॅस, सामान भरल्यावरचं वजन धरा. नुसती १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो वाढतात.

खरी अडचण हिचवरच्या, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावरच्या भाराची. भरलेल्या ट्रेलरच्या साधारण १० ते १५ टक्के वजन तिथे येतं आणि ते पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतःवर माणसं-सामान मिळून जितकं वजन पेलू शकते त्यातून, वजा होतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचाच. समजा तिथे ५०० किलो आहे. पाच माणसांचे ३५० गेले, उरले दीडशे. भरून २१०० किलो झालेल्या ट्रेलरच्या हिचसाठी किमान २१० लागतात! हिचवरचा भार कमी करायला ट्रेलरमधलं सामान मागे सरकवू नका, ट्रेलर डोलायला लागतो. मुलं सोबत असताना हा धोका नकोच. भरून १४०० किलोच्या आतला बघा.