उंची ५ फूट ४ इंच: हायब्रिड सायकलची फ्रेम १६ घ्यावी की १८?

सिंहगड_पायथा

कोथरूड ते हिंजवडी रोज जाऊन-येऊन साधारण ३० किमी आणि रविवारी खडकवासल्यापर्यंत, एवढाच वापर. एका हायब्रिड (रेसिंग आणि डोंगरी सायकलींच्या मधल्या) मॉडेलवर मन बसलंय. दुकानात एस (१६ इंची) आणि एम (१८ इंची) दोन्ही आहेत. माझी उंची १६३ सेंमी, आणि कंपनीच्या तक्त्यात नेमकी तीच दोन्ही मापांच्या सीमेवर येते. दुकानदार म्हणतो, "एम न्या, सीट खाली करून देतो."

कंपनीच्या साइटवरचे आकडे असे, सगळे मिमीत (रीच म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून, म्हणजे पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसापासून, फ्रेमच्या पुढच्या नळीच्या, हेड ट्यूबच्या, माथ्यापर्यंतचं आडवं अंतर; स्टॅक म्हणजे तिथलंच उभं):
एस: रीच ३७५, स्टॅक ५६०, दांडीची जमिनीपासून उंची ६९० मिमी
एम: रीच ३८८, स्टॅक ५८५, दांडीची उंची ७३० मिमी

रीचमध्ये फरक फक्त १३ मिमीचा. मग एवढा काथ्याकूट कशाला, असं वाटतंय. जाणकारांनी सांगावं.

ओळंबा

उंचीच्या तक्त्यावर सायकल घेऊ नका. १६३ सेंमीच्या दोन माणसांच्या पायांत ५-६ सेंमीचा फरक सहज असतो. आधी इनसीम (जांघेपासून जमिनीपर्यंत पायाची लांबी) मोजा, पण पँटचं नव्हे. शिंप्याचं माप इथे चालत नाही, ते नेहमी कमी भरतं.

अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा, पावलांत १५ सेंमी अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांत धरा, एक कड भिंतीला सपाट लावा आणि हाडाला टेकेपर्यंत वर ओढा. सायकलच्या सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा यायला हवा. लाजून सैल धरलं की माप २ सेंमी चुकतं. पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर खूण, तिथून जमिनीपर्यंत टेप. तीनदा मोजा, सरासरी घ्या.

इनसीम × ०.८८३ = बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर, सीट ट्यूबच्या (सीट जिच्यात बसते त्या नळीच्या) रेषेत. ही सुरुवातीची उंची. बसून टाच पॅडलवर ठेवली की खालच्या टोकाला पाय सरळ व्हायला हवा. पुढे ३ ते ५ मिमीच्या टप्प्यांनीच बदल करायचा. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. पॅडल मारताना कंबर डावी-उजवी डोलत असेल तरी वर.

पंपवाला

५ फूट ४ ला २६ ची सायकल पुरे. २८ ची मोठी पडते.

आडदांडी

@पंपवाला, तुमचे २६-२८ चाकाचे इंच आहेत, धागा फ्रेमच्या इंचांचा आहे. हा घोळ जुना आहे. काळ्या दणकट सायकलींत २२ किंवा २४ इंची म्हणजे फ्रेम, आणि चाक दोन्हींना २८ चंच. लहान मुलांच्या सायकलींत मात्र १६, २० हे आकडे चाकाचे. त्यामुळे "१६ ची दाखवा" म्हटलं की नवखा विक्रेता पोराची सायकल काढतो. चाकांतही गंमत आहेच: त्या काळ्या सायकलीच्या २८ × १½ टायरची रिम ६३५ मिमीची, हायब्रिडच्या ७००सी चाकाची ६२२ ची. दोन्हींना "अठ्ठावीस" म्हणतात, पण टायर एकमेकांना बसत नाहीत.

आता मूळ प्रश्न. सीट खाली करून देतो, हे खरं आहे आणि निरुपयोगीही. सीट खाली-वर होते, फ्रेमची लांबी होत नाही. मोठ्या फ्रेमवर माणूस पोहोचायला ताणला जातो: कोपरं ताठ, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर, मान आखडलेली, आणि नकळत सीटच्या टोकावर सरकून बसायची सवय. मग लोक सीटच पुढे ढकलतात. ते करू नका. सीटची पुढची-मागची जागा गुडघ्यासाठी ठरवायची असते, हातांसाठी नाही. क्रँक (पॅडलचे दांडे) आडवे, गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला की तो पॅडलच्या आसाच्या आसपास पडावा. फार काटेकोर नियम नव्हे, पण ४ सेंमी पुढे पडत असेल तर सीट चुकीच्या जागी आहे.

१३ मिमीचा फरक फसवा आहे. रीच मोजतात हेड ट्यूबच्या माथ्याशी, आणि दोन्ही फ्रेमचे माथे वेगळ्या उंचीवर आहेत. हेड ट्यूब मागे झुकलेली असते, म्हणून १ सेंमी स्पेसर (हँडलखाली घालायच्या कड्या) घातले की हँडल सुमारे ३ मिमी मागेही येतं. एसचं हँडल एमच्या उंचीला आणायला २५ मिमी स्पेसर लागतील, म्हणजे रीच ३७५ वरून ३६७. खरा फरक झाला २१ मिमी. एक अख्खं माप म्हणतात ते हेच.

सिंहगड_पायथा

मोजलं. इनसीम तिन्ही वेळा ७४ च्या आसपास. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत १६८ सेंमी. म्हणजे हात उंचीपेक्षा लांब. मग एमच ना?

ओळंबा

घाई नको. ७४ × ०.८८३ = ६५.३ सेंमी सीटची उंची. १६ इंची सीट ट्यूब म्हणजे ४०.६ सेंमी, उरले २४.७. त्यातले ४-५ सेंमी सीटचेच, म्हणजे नळी बाहेर दिसणार साधारण २० सेंमी. सीटपोस्ट (तीच नळी) ३५० मिमीचा असेल तर १५ सेंमी आत राहतो, 'किमान इतका आत हवा' अशी त्यावर खूण असते त्याहून बराच जास्त. एस पुरतो. (सीटपोस्ट ३०० चा निघाला तर आत १०च सेंमी उरतील. मग खूण बघा, गरज वाटली तर लांब मागून घ्या.)

दांडी: बुटांसकट तुमचे ७६ सेंमी. एमवर दांडीपासून मोकळीक ३ सेंमी, एसवर ७. चांदणी चौकाच्या गर्दीत सिग्नलला तिरकं थांबायचं, एक पाय खड्ड्यात, तेव्हा ३ सेंमी म्हणजे काहीच नाही. हायब्रिडला ५ तरी हवेत.

आडदांडी

हात लांब असले की मला एम सुचवायला आवडतं. इथे नाही, कारण एसमध्ये हँडल खाली जाईल ही भीतीही उरत नाही. सीट ट्यूब तिरकी असते, म्हणून सीटची सरळ उभी उंची बॉटम ब्रॅकेटपासून साधारण ६२.५ सेंमी. एसवर स्टॅक ५६, त्यावर २ सेंमी स्पेसर, स्टेमच्या (हँडलला पुढच्या नळीशी जोडणाऱ्या तुकड्याच्या) अर्ध्या जाडीचे २, आणि ९० मिमीचा ७ अंशी स्टेम वर तोंड करून लावला तर आणखी जवळजवळ ४. झाले ६४. हँडल सीटपेक्षा किंचित वरच. आखूड वाटलं तर १०० किंवा ११० चा स्टेम लावा, स्वस्तात काम होतं. स्टेम उलटा केला की हँडल २ सेंमीच्या आसपास खाली येतं, तीही सोय आहेच. उलट एमला आखूड करायला ६० चा स्टेम लावावा लागेल आणि हँडल चटकन वळायला लागेल.

दुकानदाराला एक आधीच बजावा: स्टिअरर ट्यूब (स्टेम जिच्यावर बसतो ती नळी) कापू नका. कापलेली नळी वाढत नाही. आणि "थोडी मोठी असू दे" हा वाढत्या अंगाचा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक, तुमची उंची आता वाढायची नाही.

घेण्याआधी दोन्ही २०-२० मिनिटं चालवा, पण सीट ६५.३ ला लावूनच. टेप आणि ५ मिमीची एलन की खिशात न्या. दुकानात सीट बहुतेक वेळा तळाला असते, आणि तशा सायकलवर प्रत्येक माप मोठंच वाटतं.

सिंहगड_पायथा

एस चालवली, सीट मोजून लावली. बरी वाटली. एक अडचण: हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. फ्रेम लहान पडते का?

ओळंबा

नाही. लहान फ्रेम आणि ७००सी चाक एकत्र आले की हे होतंच. हँडल एवढं वळवणं फक्त चालण्याच्या वेगात घडतं, वेगात असताना नाही. आधी पाऊल बघा: पॅडलचा आस अंगठ्याच्या मागच्या गादीखाली हवा. तळव्याच्या मध्यावर ठेवून चालवत असाल तर बूट ३-४ सेंमी पुढे येतो आणि घासणारच. ते सुधारूनही घासत असेल तर १७० ऐवजी १६५ चा क्रँक. ५ मिमी मिळतात, आणि सीट तेवढीच वर घ्यायची. पावसाळ्यात मडगार्ड लावाल तेव्हा मोकळीक आणखी सेंटिमीटरभर कमी होईल, म्हणून पैसे देण्याआधी मडगार्ड बसवूनच एक चक्कर मारा.