टेस्टोस्टेरॉन तळाला, तरी पीएसए (प्रोस्टेटचं रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) चढतोय. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी वाढतात कशावर?

प्रश्न
टेस्टोस्टेरॉन खाली आणणारी एलएचआरएच इंजेक्शनं वेळेवर चालू आहेत. टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली, तरी पीएसए सलग तीनदा वाढलाय. पुरुष संप्रेरकच नसेल तर पेशी जगतात कशा? आणि मग इंजेक्शन बंद का करू नये?

पेशीवेध
आधी एक खात्री करा: टेस्टोस्टेरॉन पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी मोजलं होतं ना? औषधाचा असर ओसरत असेल तर तो तेव्हाच दिसतो.

संप्रेरक संपलेलं नसतं. इंजेक्शन फक्त वृषणांतलं उत्पादन थांबवतं. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी डीएचईए हा संप्रेरकाचा कच्चा माल सोडत राहतात आणि गाठीतल्या पेशी त्यापासून स्वतःपुरतं टेस्टोस्टेरॉन आणि त्याचंच जास्त प्रभावी रूप, डीएचटी, बनवतात. रक्तातल्या आकड्यावरून ते कळत नाही. अबिराटेरॉन ही गोळी संप्रेरक बनवायला लागणारं सीवायपी१७ हे एन्झाइम अडवते ती याचसाठी. शिवाय अँड्रोजन रिसेप्टरचं (पुरुष संप्रेरक पेशीत ज्याला चिकटतं त्या प्रथिनाचं) जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषाच्या निरोगी पेशीत त्याची एकच प्रत असते. उपचाराला दाद न देणाऱ्या गाठीत पुष्कळदा अनेक प्रती होतात, रिसेप्टर वाढतात आणि किंचित संप्रेरकही पुरतं.

रिसेप्टर_७
रिसेप्टरच्या जनुकातल्या बदलाचा, म्हणजे म्युटेशनचाही विचार हवा, कारण त्यात औषधच उलटतं. डब्ल्यू७४२सी बदल झाला की बायकॅल्युटामाइड ही गोळी रिसेप्टरला अडवण्याऐवजी चालू करते. ती गोळी बंद केल्यावर काहींचा पीएसए उतरतो. मात्र ती शरीरातून सावकाश जाते, त्यामुळे निदान सहा आठवडे वाट पाहावी लागते. एल७०२एच हा बदल असेल तर अबिराटेरॉनबरोबर दिलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडच रिसेप्टरला चेतवू शकतं.

एआर-व्ही७ या रिसेप्टरच्या तोकड्या रूपात तर संप्रेरक जिथे चिकटतं तो भागच नसतो. रिसेप्टर आपोआप चालू राहतो, रिसेप्टर अडवणाऱ्या एन्झाल्युटामाइड या औषधाला पकडायला जागा उरत नाही. डोसिटॅक्सेल या केमोथेरपीचा मात्र तरीही उपयोग होऊ शकतो.

प्रश्नकर्ता
हे रक्तातून कळतं?

रिसेप्टर_७
म्युटेशन आणि वाढलेल्या प्रती प्लाझ्मातल्या (रक्तद्रवातल्या) डीएनएत सापडतात. एआर-व्ही७ साठी रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी तपासाव्या लागतात. आजार थोडा असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. त्यावरून बदल नाहीच असं समजू नका.

पेशीवेध
इंजेक्शन थांबवू नका, हे कळकळीने सांगतो. बहुतेक पेशी अजून रिसेप्टरवरच अवलंबून असतात. टेस्टोस्टेरॉन परत वाढलं तर त्यांनाच खतपाणी मिळेल. नवं औषध या इंजेक्शनच्या जोडीला दिलं जातं.

अपवाद न्यूरोएंडोक्राइन (चेतापेशींसारखे गुण असलेल्या) रूपाचा. आरबी१ आणि टीपी५३ ही गाठ रोखणारी जनुकं निकामी झालेल्या काही पेशी रिसेप्टरचा नाद सोडतात. तेव्हा पीएसए कमीच राहतो आणि आजार यकृतात पसरलेला असू शकतो. म्हणून स्कॅनही करा. पीएसए आणि स्कॅन जुळत नसतील तर नव्या गाठीची बायोप्सी मागा, कारण तिथे प्लॅटिनम गटाची केमोथेरपी विचारात घ्यावी लागते.