सी-विंगचं चेंबर, परत एकदा

देशमुख (सी-००२): आज सकाळी परत सिंकमधून पाणी वर आलं. दिवाळी झाली की दरवर्षी हेच. कढईतलं उरलेलं तेल वरून कोण ओततं हे विचारत नाही, वासावरून कळतंय.

साठे (सेक्रेटरी): देशमुखसाहेब, प्लंबर ११ वाजता येतोय. कोणी व्यक्तिगत घेऊ नये ही विनंती 🙏

पवार (सी-४०३): तोवर कॉस्टिक सोड्याची दोन पाकिटं टाका आणि वरून उकळतं पाणी सोडा. मोकळं होईल.

कामतकाकू (ए-२०१): चेंबरच्या आधी ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी टाकी, बसवा. एप्रिलच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं.

नाईक सर (बी-३०१): पवार, थांबा. १०० ग्रॅम शेंगदाणा तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १३.५ ग्रॅम कॉस्टिक लागतं, तेही गरम करून, ढवळत ठेवलं तर. पाइपात ढवळणार कोण? साचलेल्या चरबीच्या गोळ्याचा वरचा थर साबण होतो, आत चरबी तशीच, आणि बाकीचं कॉस्टिक वाहून जातं.

पवार: पण साबण पाण्यात विरघळतो ना सर? नववी-दहावीतलं आहे.

नाईक सर: सोडियमचा विरघळतो. आपलं बोअरचं पाणी दुष्फेन. त्यातलं कॅल्शियम साबणातल्या सोडियमची जागा घेतं आणि न विरघळणारा चिकट साका खाली बसतो. बादलीला पांढरी कड धरते ना, तेच. म्हणजे मऊ गोळ्याचा तुम्ही टणक गोळा करून द्याल. चरबीतल्या स्टिअरिक आम्लाचा कॅल्शियम साबण उकळत्या पाण्यातही वितळत नाही. आणि पीव्हीसी पाइपात ६० अंशांच्या वरचं पाणी सतत सोडायचं नसतं, सांधे सुटतात.

जोशी (सी-३०२): थोडक्यात, चकली खा आणि तिच्याच साबणाने हात धुवा 😄

देशमुख: जोशी, तुमच्या सिंकमधून वर आलं की हसा.

साठे: 🙏🙏

शेख (ए-१०४): तेल आणि वनस्पती तूप एकाच मापाने मोजू नका. दोन्हींत ग्लिसरॉलला तीन स्निग्धाम्लं जोडलेली. शेंगदाणा तेलातल्या बहुतेक आम्लांच्या साखळ्यांना दुहेरी बंधाशी बाक असतो, त्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, म्हणून ते पातळ राहतं. वनस्पतीत हायड्रोजन घालून ते बंध कमी केलेले असतात. ती ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान वितळते. म्हणजे कढईत पाणी, आणि रात्री पाइपात मेण. गरम पाणी सोडलंत तर ती दहा फूट पुढे सरकून चेंबरमध्ये गोठेल, एवढंच.

कामतकाकू: म्हणूनच ग्रीस ट्रॅप. तेलाची घनता ०.९१ च्या आसपास, पाणी संथ झालं की आपोआप वर तरंगतं. मध्ये आडवी फळी, बाहेरची तोटी खालून. वरची साय आणि तळचा गाळ मिळून टाकीतल्या पाण्याच्या खोलीच्या चौथ्या हिश्शाला आले की उपसायचं. एप्रिलमध्ये सांगितलं होतं.

पवार: काकू, उपसणार कोण? झाडूवाल्या मावशींचा पगार वाढवायला कमिटीकडे पैसे नाहीत म्हणे.

साठे: तो विषय वेगळा आहे.

देशमुख: सर, वर आलेल्या पांढऱ्या गोळ्यावर टिंक्चर आयोडीन टाकून पाहिलं. निळं झालं नाही. म्हणजे भाताचं वगैरे काही नाही, शुद्ध तेल!

नाईक सर: काल रात्री कॉस्टिक टाकलं होतंत का?

देशमुख: अर्धंच पाकीट.

नाईक सर: मग ती चाचणी बाद. अल्कलीत आयोडीनचा रंगच जातो. हातमोजे घालून गोळा भरपूर पाण्याने धुवा, त्यावर व्हिनेगर घाला, लाल लिटमस कागद निळा होणं थांबलं की थेंब टाका. आणि त्या सिंकमध्ये आता टॉयलेटचं ॲसिड अजिबात ओतू नका, उसळून तोंडावर येईल. प्लंबरलाही आत कॉस्टिक आहे हे आधी सांगा.

जोशी: वरचे तेल ओततात म्हणणारेच खालून कॉस्टिक ओततायत 🤐

देशमुख: काळानिळा झाला.

नाईक सर: मग आत स्टार्च आहे. शिजताना ६५-७५ अंशांना दाणे फुगून फुटतात, त्यातलं अमायलोज, म्हणजे स्टार्चच्या लांब साखळ्या, पाण्यात उतरतं. ती पेज गार झाली की साखळ्या परत एकमेकींना धरतात आणि जेल बनतं. हीच खळ चरबीला पाइपाशी चिकटवते. कच्चा स्टार्च वेगळा, साबुदाणा धुतल्याचं पाणी तळाशी पांढरा चिखल करून बसतं.

शेख: चहाचा चोथा आणि कोथिंबिरीच्या काड्याही त्यात अडकतात. स्टार्चसारखंच तेही ग्लुकोजचं, पण काड्यांतल्या सेल्युलोजमध्ये जोड वेगळे, बीटा प्रकारचे आहेत, स्टार्च तोडणाऱ्या अमायलेज एन्झाइमला ते तुटत नाहीत. बाजारातली एन्झाइमची पूड टाकून काड्या जाणार नाहीत. एन्झाइम टाकायचंच तर रॉड मारून झाल्यावर, रात्री, कोमट पाण्यात. कॉस्टिकसोबत टाकलंत तर एन्झाइमच मरतं.

पवार: मग उरलेल्या तेलाचं करायचं काय? प्यायचं?

शेख: गार करून, गाळून बाटलीत भरा. खालीच १५ लिटरचा डबा ठेवू. २०१८ पासून एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्याची योजना आहे, गोळा करणारे येऊन नेतात. परत परत तळून तयार होणारी पोलर संयुगं २५ टक्क्यांवर गेलेलं तेल तसंही तळायला चालत नाही. आणि कढई धुण्याआधी कागदाने पुसा. निम्मं काम तिथेच होतं.

कामतकाकू: डबा ठेवा, पण ट्रॅपही बसवा. एप्रिलच्या

साठे: काकू, मिनिट्समध्ये आहे. प्लंबर आला आहे. चेंबरच्या झाकणावर पांढरी स्कूटर कोणाची आहे?

साठे: पांढरी स्कूटर???

देशमुख: सी-४०३ ची आहे. नेहमीच तिथे असते.

पवार: येतोय खाली. हँडल लॉक अडकतंय, दोघं जण उचलायला या.